एकांताची भाकरी



‘हिमालयातील एकांत’ हा विषय चालकांनी आमच्या नावापुढे छापला, तेव्हा युनियनच्या कचेरीत पुष्कळ हशा झाला. एक सहकारी म्हणाला, “ज्या माणसाला घरी जेवतानाही दोघेतिघे कामगार समोर बसलेले लागतात, त्याने एकांतावर बोलावयाचे म्हणजे वाजंत्र्याने मौनव्रतावर कीर्तन करण्यासारखे आहे.” त्याचे म्हणणे खोटे नाही. तीस वर्षे आमचा गळा गेटसभांत बसला आहे. परंतु उपाशी माणसाने अन्नाविषयी बोलू नये असा काही नियम नाही. एकांताची भूक आमच्या वर्गाला फार जुनी आहे. मागण्यांच्या यादीत ती कधी नसते, म्हणून तिचे नाव कोणी घेत नाही, इतकेच.

आमचे बालपण परळच्या एका चाळीत गेले. बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. आमचीही जवळजवळ तेवढीच. तीत आम्ही सात माणसे, शिवाय गावाकडचे दोघे. ते पाहुणे म्हणून आले आणि नोकरी लागल्यावर बिऱ्हाडकरू झाले. शेजारच्या गाळ्यात तर पाळीप्रमाणे माणसे निजत. एका पाळीचा उठून गेला की दुसऱ्या पाळीचा येऊन त्याच वळकटीवर अंग टाकी. वळकटी गार व्हावयास सवड मिळत नसे. आई मोरीत आंघोळीला बसली की आम्ही सर्वांनी गॅलरीत उभे राहावयाचे. चोवीस तासांत तिचा एकांत तो एवढाच. वडिलांचा एकांत गच्चीच्या जिन्यावरील शेवटच्या पायरीवर असे. पाळीवरून आले की ते तेथे एक बिडी ओढीत. ती बिडी संपेपर्यंत त्यांना कोणी हाक मारावयाची नाही, असा घरातला अलिखित कायदा होता. घराला आग लागली असती तरी आम्ही आधी बिडी किती उरली आहे ते पाहिले असते!

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. वडिलांच्या खात्याचे दार त्यानंतर उघडले नाही. आमची शाळा सातवीत सुटली आणि पुढे या गावी यंत्रमागावर आलो. जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर येथल्या नगर वाचनालयात, पंख्याखालच्या बाकावर. ही हकीकत सांगण्याचे कारण इतकेच की, ज्या कानांनी आम्ही हिमालयातील शांतता ऐकली, ते कान कोठे घडले होते हे आपणांस ठाऊक असावे.

गेल्या आषाढात शिमल्यास बांधकाम कामगारांची एक परिषद होती. ती आटोपल्यावर सहकाऱ्यांनी आम्हांला अकरा दिवसांची रजा दिली. दिली म्हणण्यापेक्षा काढावयास लावली म्हणावे. आम्ही स्पितीला गेलो.

स्पिती हे हिमाचल प्रदेशातील खोरे. लाहौल आणि स्पिती मिळून एक जिल्हा होतो. त्याचे क्षेत्रफळ तेरा हजार आठशे चौरस किलोमीटरांच्या घरात, आणि २०११ च्या शिरगणतीत माणसे ३१,५६४. म्हणजे चौरस किलोमीटरास दोन. मुंबई उपनगर जिल्ह्यात त्याच शिरगणतीप्रमाणे तेवढ्याच जागेत वीस हजारांवर माणसे राहत होती. स्पितीच्या हिशेबाने वाटणी झाली असती तर आमच्या खोलीतल्या नऊजणांच्या वाट्याला साडेचार चौरस किलोमीटर आले असते.

शिमल्याहून काझा हे खोऱ्यातले मुख्य गाव चारशे किलोमीटरांहून अधिक लांब आहे. आम्ही रामपूर, रेकाँग पिओ असे टप्पे घेत सरकारी बसने गेलो. आपल्या एस.टी.ची तीच धाकटी बहीण. तोच खडखडाट, तोच खिडकीशी बसण्याचा तंटा. खाब येथे स्पिती नदी सतलजेला मिळते. तेथून वर जसजसे जावे तसतशी झाडे विरळ होत जातात आणि शेवटी डोंगरांची नुसती उघडी हाडे उरतात. इकडे आपण छत्र्या शोधत असतो तेव्हा तिकडे ऊन असते. पावसाळी ढग दक्षिणेकडच्या रांगांवरच रिते होतात. स्पितीपर्यंत पोहोचते ती त्यांची सावली. वाटेत दरड कोसळून बस चार तास उभी राहिली. ती दरड उपसणाऱ्या माणसांकडे आम्ही पुढे येणार आहोत.

काझा सुमारे १२,००० फुटांवर आहे. हवेचा दाब आपल्या कोकणपट्टीच्या मानाने दोन तृतीयांश. पहिले दोन दिवस नुसते पडून राहावे, पाणी प्यावे, जिना चढतानासुद्धा घाई करू नये. रात्री एक चमत्कारिक प्रकार होतो. झोपेत श्वास हळूहळू मोठा होतो, मग लहान होतो, मग काही क्षण थांबतोच, आणि माणूस दचकून जागा होतो. विरळ हवेत शरीराचा हिशेब चुकतो, त्याचा हा परिणाम. बहुतेकांना होतो आणि आठवडाभरात कमी होतो. परंतु त्या रात्री आम्हांला वाटले, आयुष्यात प्रथमच आम्ही आमच्या श्वासाशी एकटे आहोत. इतकी वर्षे तो आपला आपण चालला होता, त्याच्याकडे पाहावयास आम्हांला सवड नव्हती.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावयास हवी. स्पितीला गेले की एकांत मिळतो, हे खरे नाही. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांग खिंडीखालचा नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला. तेव्हापासून उन्हाळ्यात मनालीकडून, कुंझुम खिंड ओलांडून, मोटारी आणि मोटारसायकली यांची रीघ लागते. हिक्किम या गावी सुमारे १४,४०० फुटांवर एक टपाल कचेरी आहे. १९८३ पासून आहे. तेथे पोस्टकार्डांसाठी रांग लागलेली आम्ही पाहिली. ‘मी येथे अगदी एकटा आहे’ हे घरच्यांना कळविण्यासाठी वीसबावीस माणसे एकमेकांना कोपरे लावून उभी होती! आम्हीही एक कार्ड टाकले; युनियनच्या कचेरीच्या पत्त्यावर. ते आमच्या मागून बारा दिवसांनी पोहोचले.

रस्ता सोडून दोन मैल चालले म्हणजे मात्र सगळे बदलते. लांग्झा नावाचे गाव १४,५०० फुटांच्या आसपास आहे. तेथून कोमिककडे जाताना आम्ही वाट सोडून एका उतारावर बसलो. पायाखाली काळी, ठिसूळ पाटी. भूशास्त्रज्ञ तिला स्पितीच्याच नावाने ओळखतात. तीत शंखांसारखे वळसे घेतलेले दगड सापडतात. हे टेथिस नावाच्या प्राचीन समुद्रातले प्राणी. हिमालय उभा राहिला तेव्हा समुद्राचा तळच वर आला. परळच्या समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेला माणूस साडेचौदा हजार फुटांवर समुद्राच्या तळाशी बसला होता, असे म्हणा ना. (हे दगड उचलून आणू नयेत, हेही सांगून ठेवतो.)

तेथे झाड नाही, म्हणून पानांची सळसळ नाही. वारा पडला होता. आणि त्या निःशब्दात आम्हांला काय ऐकू आले? यंत्रमाग! धोटा इकडून तिकडे फेकला जातो तो खटखट आवाज नव्हे, शंभर माग एकदम चालू असताना छपराखाली जी एक सलग घरघर भरून राहते ती. मागाच्या शेडमध्ये आवाज सहज नव्वद डेसिबलांच्या वर जातो. कानाच्या आतल्या केसांसारख्या बारीक पेशी त्याने मरतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. मग मेंदू आपला आवाज आपणच भरून काढतो. गावात हे कळत नाही, कारण गावात त्याला झाकावयास दुसरे आवाज असतात. आम्ही माग सोडून पंचवीस वर्षे झाली. माग आम्हांला सोडून गेला नव्हता.

पहिल्या दिवशी फार संताप आला. इतक्या लांब येऊन शेवटी शेडमध्येच! दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी जाऊन बसलो. तिसऱ्या दिवशी त्या घरघरीत माणसे दिसू लागली. आमच्या शेजारच्या मागावर असलेला, आमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा एक विणकर. त्याला पुढे काही ऐकू येईनासे झाले आणि तो सभांना येईनासा झाला. तो का येत नाही याचा आम्ही कधी विचार केला नव्हता, कारण विचार करावयास लागणारी ती तीन दिवसांची शांतता आम्हांला त्या वेळी मिळालीच नव्हती. एकांताने आनंद होतो असे पुस्तकांत वाचले होते. आमचा अनुभव असा की एकांतात थकबाकी वसूल होते. आनंद त्यानंतर होतो, आणि होतो हेही खरे. तिसऱ्या दिवशी उतारावरून खाली येताना आम्ही मोठ्याने गात होतो. ऐकावयास कोणी नव्हते, हे त्या डोंगराचे भाग्य.

ज्या घरी उतरलो होतो, त्या घरच्या बाईंना आम्ही दीदी म्हणत असू. एके संध्याकाळी चुलीशी बसून विचारले, “दीदी, इतका एकांत तुम्हांला बाधत नाही काय?” त्या हसतच सुटल्या. म्हणाल्या, “कसला एकांत, भाईजी? हिवाळ्यात येऊन पाहा.”

मग त्यांनी जे सांगितले ते ऐकून आम्ही थक्क झालो. कार्तिकापासून चैत्रापर्यंत पारा शून्याखाली वीस अंशांच्याही खाली उतरतो. सरपण कमी, शेण वाळवून साठविलेले असते. तेव्हा घरातली एकच खोली तापवावयाची. सासूसासरे, नवरा, मुले, दीर, सर्वांनी लोखंडी शेगडीभोवती त्याच एका खोलीत जेवावयाचे, निजावयाचे, भांडावयाचे, अभ्यास करावयाचा. गुरे खालच्या मजल्यावर. म्हणजे पाहा, ज्या खोऱ्यात चौरस किलोमीटरास दोन माणसे, तेथेही वर्षाचे पाच महिने आमची परळची खोलीच आहे! फरक इतकाच की आमच्याकडे जागा महाग होती, त्यांच्याकडे ऊब महाग आहे.

जुन्या रीतीप्रमाणे तेथे थोरला मुलगा कर्ता झाला की आईबाप ‘खांगछेन’, म्हणजे मोठे घर, त्याच्या स्वाधीन करून जवळच्या ‘खांगछुंग’मध्ये, म्हणजे लहान घरात, राहावयास जात. धाकटे मुलगे मठात जात. जमीन तुकडे न होता एकत्र राही. यात धाकट्यांच्या इच्छेला कोणी विचारीत नसे, आणि आम्ही काही त्या रीतीचे गोडवे गाणार नाही. पण उतारवयातल्या माणसाला स्वतःचे एक दार असावे, ही गोष्ट त्यांनी वारसाहक्कातच बसविली होती, हे मान्य करावयास हवे.

दीदींना आम्ही विचारले, मग तुमचा एकांत कोणता? त्या जरा थांबल्या. तेथली शेती, सातू आणि वाटाणा, बर्फाच्या पाण्यावर चालते. वरून पाट काढून आणतात, त्यांना कूल म्हणतात, आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. त्या म्हणाल्या, “रात्रीची पाळी माझी असते. घरचे सगळे निजलेले असतात. मी फावडे घेऊन बांधावर उभी राहते. पाणी शेताच्या टोकापर्यंत पोहोचेस्तोवर दुसरे काही काम नसते.” आमची आईची मोरी आणि वडिलांची बिडी आम्हांला त्या वेळी आठवली. पाणी पोहोचेस्तोवर!

ताबो येथील मठ इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झाला. आज हजार वर्षांहून जुना आहे. मठाच्या वरच्या कड्यात गुहा आहेत. बौद्ध साधक एकांतवास धरतात त्याला तिबेटी भाषेत ‘त्सम’ म्हणतात. आम्ही त्याचा अर्थ विचारला. त्सम म्हणजे सीमा, हद्द. साधक एक हद्द आखतो आणि सांगतो, ठरल्या मुदतीपर्यंत हिच्या आत कोणी यावयाचे नाही. मोठी मुदत तीन वर्षे, तीन महिने आणि तीन दिवसांची. या शब्दाने आमचे डोके फार दिवस धरून ठेवले आहे. एकांत हा निर्जन जागेचा गुण आहे असे आपण समजतो. तेथल्या भाषेत तो हद्दीचा करार आहे, आणि कराराला दुसरी बाजू लागते. हद्द पाळणारे कोणी तरी हवे. शिवाय हद्दीपर्यंत पीठ आणून ठेवणारे कोणी तरी हवे.

शेजारच्या लाहौलमध्ये तेन्झिन पाल्मो नावाच्या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या भिक्षुणी १९७६ ते १९८८ अशी बारा वर्षे १३,००० फुटांवरील एका गुहेत राहिल्या; शेवटची तीन वर्षे कडक एकांतात. त्यांच्यावर पुस्तक आहे, ते आम्ही वाचले. लोकांना त्यातली बर्फात गुहा गाडली गेली ती हकीकत आवडते. आम्ही मात्र सवयीप्रमाणे पुरवठ्याचा हिशेब शोधला. पीठ, तांदूळ, डाळ, रॉकेल गावातून वर पोहोचवावे लागे. त्या स्वतः बटाटे आणि सलगम लावीत, बर्फ वितळवून पाणी करीत, तरी वर्षाचा शिधा दुसऱ्याच्या पाठीवरूनच येई. त्यांनी हे कधी लपविले नाही. पुढे त्यांनी कांगडा जिल्ह्यात तरुण भिक्षुणींसाठी मठ उभारला, कारण तिबेटी परंपरेत भिक्षुणींच्या वाट्याला पुष्कळदा शिक्षणाऐवजी स्वयंपाकघर येत असे. एकांत भोगून आलेल्या बाईने दुसरीच्या एकांताची सोय लावली, ही गोष्ट आम्हांला त्या बारा वर्षांपेक्षा मोठी वाटते.

आणि आपण इतक्या लांब तरी कशाला जावयाचे? तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत. तेथे त्यांना काय लाभले ते सारा महाराष्ट्र जाणतो. परंपरा असेही सांगते की आवली देहूहून भाकरी घेऊन तो डोंगर चढे, आणि एकदा तिच्या पायात काटा मोडला. कीर्तनकार तो काटा विठ्ठलाकडून काढवितात आणि तिच्या तोंडाळपणावर श्रोत्यांना हसवितात. आम्ही युनियनची माणसे, आम्हांला भाकरीची टोपली आधी दिसते. घरात मुले, दारात देणेकरी, आणि ही बाई भर उन्हात डोंगर चढते आहे. तिने तोंड सोडले असेल तर नवल काय? ती उशिरा आली असती तर अभंगालाही उशीर झाला असता!

आता दरड उपसणाऱ्या माणसांकडे येऊ. परतताना आम्ही त्याच वळणावर मुद्दाम उतरलो आणि एक रात्र त्यांच्या राहुटीत काढली. सतरा माणसे, बहुतेक झारखंडातील संथाल परगण्याकडची. जेठात येतात, बर्फ पडावयाच्या आत परततात. डांबराची पिंपे कापून सरळ केलेले पत्रे, त्यांवर ताडपत्री. आत निजावयाची जागा आम्ही वितीने मोजली, माणशी पावणेदोन हात. आम्ही ज्या रस्त्याने एकांताकडे गेलो, तो रस्ता दर उन्हाळ्यात हीच माणसे दगडातून पुन्हा उकरून काढतात.

विशीतला एक मुलगा आम्हांला चाचा म्हणू लागला. आम्ही त्याला आमच्या लांग्झाच्या उताराची हकीकत सांगितली. तो म्हणाला, “चाचा, इथे मन लागत नाही. रात्री पाणी वाहते ना, ते ऐकून घर आठवते.” संध्याकाळी काम सुटले की तो वीस मिनिटे चढून एका खडकावर जाई. तेथे फोनला लहर मिळे. त्याला वर्षाची मुलगी होती. ती फोनमध्ये नुसता श्वास घेई आणि तो ऐकत बसे. तीच नदी, तेच आभाळ. आम्हांला अकरा दिवसांचा एकांत झाला, त्याला पाच महिन्यांची काळ्या पाण्याची शिक्षा. आमच्या खिशात परतीचे तिकीट होते. त्याचा हिशेब ठेकेदाराच्या वहीत होता, आणि तो मोसम संपल्यावरच होणार होता. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी संसदेने १९७९ मध्ये कायदा केला. तरी २०२० च्या टाळेबंदीत लडाखमध्ये अडकलेल्या झारखंडच्या साठ मजुरांना परत आणावयास मे महिन्यात विमान लागले, तेव्हा कोठे शहरातल्या लोकांना कळले की त्या रस्त्यांवर कोणी माणसे असतात.

कोणी म्हणेल, ज्यांना पोटाची ददात आहे त्यांच्यापुढे एकांताच्या गोष्टी कसल्या? हा प्रश्न आमच्याच लोकांनी आम्हांला विचारला. आम्ही त्यांना नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण दिली. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली, ती त्यांच्या चळवळीमुळे. रविवार हा खंडोबाचा वार. सहा दिवस मालकाचे झाले, एक दिवस आपल्या देवाचा आणि समाजाचा असावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. तेव्हाही कामगार उपाशीच होता, आणि तरीही त्याने वेळेची हद्द आखून मागितली. त्सम हा शब्द लोखंड्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

ती हद्द आता दुसऱ्या बाजूने बुजत चालली आहे. पाळी सुटते, पण खिशातला फोन सुटत नाही. मुकादम रात्री अकराला विचारतो, सकाळी लवकर येशील का? आणि ज्याच्या खोलीत आठ माणसे, त्याला उत्तर द्यावयासही कोपरा नसतो.

परत आल्यावर यंदाच्या मागणीपत्रकात आम्ही दोन कलमे नवी घातली. एक, पाळी सुटल्यापासून दुसरी पाळी लागेपर्यंत कामाचा फोन करावयाचा नाही. दुसरे, प्रत्येक शेडला लागून आवाज न पोहोचणारी, दार लावता येणारी एक लहान खोली असावी. तीत कोणीही कामगार, आणि बायांनी तर अवश्य, दिवसातून वीस मिनिटे कोणाला कारण न सांगता बसावे. खोलीचे कलम वाचल्यावर मालकांचे प्रतिनिधी हसले. आमच्यापैकी दोघेही हसले, हे नमूद केले पाहिजे. एका कांडीवालीने मात्र विचारले, “दादा, त्या खोलीला आतून कडी असेल ना?” आम्ही मसुद्यात ‘आतून कडी’ हे शब्द घातले. पगारवाढीच्या कलमांवर बहुतेक एकमत झाले आहे. या दोन कलमांवर बोलणी अजून चालू आहेत. पुढची बैठक ज्येष्ठात आहे.